टस्कनीत घर भाड्याने घेताय? आधी गाडीचं बघा

फोंड्याहून आजींसकट अकरा माणसं सुट्टीला इटलीच्या टस्कनीतल्या एकाच घरात, तुमचा बेत झकास आहे. पण खेड्यातलं घर म्हणजे पाव आणायलाही गाडी काढावी लागते. साध्या परवान्यावर चालकासकट नऊच सीटची गाडी चालते, म्हणजे तुम्हाला दोन गाड्या, दोन चालक. इंटरनॅशनल परमिट इथूनच काढून न्या. फ्लॉरेन्सच्या जुन्या भागात गाडी घालू नका. परवानगीशिवाय शिरलेल्या गाडीचा नंबर कॅमेरा टिपतो, दंड नंतर येतो. उन्हाळ्यात अशी घरं बहुधा शनिवार ते शनिवारच मिळतात, तिकिटं त्या हिशेबाने काढा. शेंगेन व्हिसा हातात पडेपर्यंत बुकिंग रद्द करता येणारंच ठेवा. आजींची खोली आणि बाथरूम एकाच मजल्यावर आहेत का, हे मालकाला लेखी विचारा. आणि तूप, चोरीस (गोव्याचं मांसाचं सॉसेज) बॅगेत नको. युरोपात दूध-मांस आत सोडत नाहीत. सुकी सुंगटं (कोळंबी) मात्र खुशाल न्या.