निशिकी की तळघर?

प्रश्न : क्योतोत एकच दिवस आहे. निशिकी बाजार बघावा की डिपार्टमेंट स्टोअरचं तळघर, म्हणजे तिथली खाण्याच्या पदार्थांची दुकानं? सोबत शाकाहारी सासूबाई आहेत. त्या अंडं खातात.

उत्तर : दोन्ही! अंतर चालत पाच-सात मिनिटांचं. निशिकी म्हणजे जेमतेम ४०० मीटरची, खाण्याच्या दुकानांची छपराखालची गल्ली. चालता चालता खाऊ नका, दुकानापाशीच उभं राहून संपवायचं. जांभळं शिबाझुके लोणचं चाखाच. वांगं आणि शिसो या सुगंधी जपानी झाडाची पानं, आंबटढाण! सासूबाईंना मात्र आमलेटची गुंडाळी नको, त्यात बहुधा दाशी, म्हणजे माशाचं पाणी असतं. (मी आईला दिली होती. अजून ऐकून घेतेय.) त्यांना दाइफुकु द्या, म्हणजे चिकट तांदळाचा मऊ गोळा, आत अझुकी या लाल कडधान्याचं गोड पुरण. संध्याकाळी ताकाशिमाया या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात जा. बंद व्हायच्या सुमारास तयार जेवणाच्या डब्यांवर सवलतीचे स्टिकर चिकटू लागतात आणि शांतपणे उभ्या बायका हळूच पुढे सरकतात. तुम्हीही सरका.