मड टॅक्स : पहिल्या वर्षाच्या बिलावर हप्ता ठरवू नका

तुम्ही लिहिलंय की ह्यूस्टनजवळ केटीच्या पुढे नव्या वसाहतीत ४,००,००० डॉलरचं घर बघताय, मडचा (म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट, म्हणजे नव्या वसाहतीला पाणी-सांडपाण्याची सोय करून त्यासाठी कर घेणारी स्थानिक संस्था) दर मालमत्तेच्या किमतीच्या दर शंभर डॉलरला १.२० डॉलर आहे, विक्री कार्यालयात यंदाचं मडचं बिल ७२० डॉलर दाखवलं आणि ‘दर पुढे कमीच होत जातो’ असं सांगितलं. ते ७२० वाचून पोटात गोळा आला. सहा वर्षांपूर्वी असाच आकडा बघून आम्ही निश्चिंत झालो होतो.

एस्क्रो म्हणजे कर्जाच्या हप्त्यासोबत करासाठी दरमहा जमा होणारे पैसे, अप्रेझल म्हणजे करासाठी मालमत्तेची किंमत ठरवणं, हे तुम्हाला माहीत असेलच, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. टेक्ससमध्ये कर १ जानेवारीला जागेवर जे उभं असेल त्यावर लागतो. तुमच्या प्लॉटवर त्या दिवशी नुसती जमीन होती. तिची किंमत ६०,००० धरली, म्हणून ७२०. घर पूर्ण झाल्यावर पुढच्या १ जानेवारीला तोच दर ४,००,००० वर लागेल आणि बिल येईल ४,८०० डॉलरचं. दर तसूभरही न वाढता.

आमचं काय झालं ते तुमच्याच आकड्यांत सांगतो, कारण आमचे आकडेही जवळपास असेच होते. क्लोजिंगच्या, म्हणजे घराची खरेदी पूर्ण होण्याच्या, वेळी एस्क्रो पूर्ण घराच्या किमतीवर धरला होता, महिन्याला मडचे ४००. ते बरोबरच होतं. डिसेंबरात बिल नुसत्या जमिनीचं आलं. वसंतात कर्जाचे हप्ते घेणाऱ्या कंपनीने हिशोब केला, ‘जास्त जमा झालेले’ पैसे चेकने परत पाठवले आणि मडचा वाटा महिन्याला ६० वर आणला. मी फोन केला. सांगितलं, घर आता उभं आहे, पुढचं बिल पूर्ण येणार, हप्ता कमी करू नका. उत्तर आलं की सिस्टीम मागच्या बिलावर चालते. दुसऱ्यांदा फोन केला, तिसऱ्यांदा केला, दर वेळी नवा माणूस आणि तेच वाक्य. शेवटी मी सोडून दिलं. चेक बँकेत भरला आणि त्यातून आईचं पुण्याहून येण्या-जाण्याचं तिकीट काढलं.

पुढच्या वर्षी ४,८०० चं बिल आलं तेव्हा एस्क्रोत ७२० होते. तुटीचे ४,०८० बारा महिन्यांवर वाटले, म्हणजे महिना ३४०, आणि वर नेहमीचे ४००. साठाचे एकदम ७४० झाले. हे नुसतं मडचं. शाळेच्या आणि काउंटीच्या करातही हेच घडलं होतं. बायकोची नोकरी त्याच सुमारास गेली होती. ते वर्ष आम्ही क्रेडिट कार्डावर काढलं आणि त्याचं व्याज पुढे दोन वर्षं फेडत होतो. त्या कंपनीतल्या एकानेही ‘हा चेक खर्च करू नका’ एवढं सांगितलं नाही, याचा राग अजून जात नाही.

म्हणून माझं ठाम मत : हप्ता काहीही येवो, मडचे ४०० दरमहा वेगळ्या खात्यात टाका. परतीचा चेक आला तर तोही तिथेच.

आता ‘दर कमी होत जातो’ याबद्दल. शहराची हद्द संपते तिथे शहराच्या पाइपलाइन सहसा येत नाहीत, म्हणून डेव्हलपर राज्याच्या पर्यावरण आयोगाकडे किंवा विधिमंडळाकडे अर्ज करून डिस्ट्रिक्ट स्थापन करून घेतो. याची मुळं १९१७ च्या घटनादुरुस्तीत आहेत. पाणी, मलनिस्सारण, पावसाच्या पाण्याचा निचरा यांचा खर्च आधी डेव्हलपर करतो, मग डिस्ट्रिक्ट बॉण्ड (कर्जरोखे) विकून त्याला पैसे परत देतो आणि ते बॉण्ड आपल्या करातून फिटतात. बॉण्डना मंजुरी देणारं मतदान होतं तेव्हा तिथे वस्तीच नसते. कित्येक ठिकाणी मोबाइल होममध्ये आणून ठेवलेल्या दोन-चार मतदारांनी कोट्यवधी डॉलरचे बॉण्ड मंजूर केलेत. मड वाईटच असं मी म्हणत नाही, त्याच्याशिवाय आमची वसाहत झालीच नसती. पण करार पक्का होण्याआधी तुम्हाला डिस्ट्रिक्टची नोटीस मिळायलाच हवी. तिच्यात मतदारांनी मंजूर केलेले बॉण्ड आणि आतापर्यंत काढलेले बॉण्ड असे दोन आकडे असतात. फरक मोठा असेल तर डिस्ट्रिक्टचं कर्ज अजून वाढू शकतं. घरं भराभर झाली तर ते जास्त लोकांत वाटलं जातं आणि दर उतरतो, बांधकाम रेंगाळलं तर उतरत नाही.

आणखी एक. बऱ्याच मडचं बिल काउंटीच्या बिलात नसतं, वेगळ्या वसुली कार्यालयाकडून येतं. ते मिळालं नाही ही सबब कायद्यात चालत नाही, ३१ जानेवारीनंतर दंड आणि व्याज सुरू. कर्ज कंपनीकडे मडचा वेगळा खाते क्रमांक आहे का, हे लेखी विचारून ठेवा. होमस्टेडचा, म्हणजे राहत्या घरावरच्या करसवलतीचा, अर्जही लगेच करा, पण शाळेच्या करातली १,४०,००० ची सूट मडला लागू होत नाही. मडची स्वतःची सूट त्याचं बोर्ड (संचालक मंडळ) देईल तरच.

मी वकील नाही, कर सल्लागारही नाही, आणि प्रत्येक डिस्ट्रिक्टचं गणित वेगळं असतं. आमच्या बोर्डाच्या सभा सुरुवातीला वसाहतीपासून तासभर लांब एका वकिलांच्या कचेरीत, भर दुपारी व्हायच्या. व्हिसावर किंवा ग्रीन कार्डावर असलेल्या आपल्या लोकांना मत नाही, पण सभेत बसता येतं, प्रश्न विचारता येतात. मी रजा टाकून गेलो, एकटाच होतो. तुम्हीही जा.

नोटीस हातात आली की दर, मंजूर बॉण्ड आणि काढलेले बॉण्ड हे तीन आकडे इथे टाका. सही शनिवारी आहे म्हणताय, तर शुक्रवारी रात्रीपर्यंत मी हिशोब करून देतो.