वाचकांचे प्रश्न : आजोबांची कापलेली रायफल

प्रश्न : आजोबांच्या मागे बोल्टची एक जुनी लष्करी रायफल घरात राहिली आहे. पुढचं लाकूड कोणीतरी कापलंय. .३०३ची काडतुसं घालून चालवता येईल का? (खानापूर)

उत्तर : आधी कागद. आजोबांचा परवाना तुम्हाला लागू होत नाही. वारस म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. तोवर रायफल पोलीस ठाण्यात जमा असू द्या. लष्करी बोअर (नळीच्या छिद्राचं माप) म्हणून .३०३ला साधा परवाना मिळत नाही, हेही ध्यानात ठेवा.

दस्त्याच्या मुळाशी लोखंडी कडं असतं. त्यावर 'आर.एफ.आय.' (रायफल फॅक्टरी इशापूर) असेल तर ती बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्याची. पण तेवढ्यावरून काडतूस ठरवू नका! याच ली-एनफिल्ड बांध्यावर .३१५ आणि पुढे ७.६२च्याही रायफली निघाल्या. .३१५ची गोळी सुमारे ८.२ मिमी, .३०३ची ७.९. त्यामुळे चेंबरचं (काडतूस बसतं त्या जागेचं) माप परवानाधारक कारागिराकडूनच घ्या.

बोल्टच्या मुठीमागचा नंबर बॉडीवरच्या नंबराशी जुळतो का पाहा. बदललेल्या बोल्टमुळे काडतुसामागे फट वाढली, तर काडतुसाचं पितळी कवच बुडाजवळ फाटतं आणि तापलेला वायू थेट तोंडाकडे येतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात लोक चेंबरमध्ये तेल सोडतात. बार काढण्याआधी ते कोरडं पुसायलाच हवं, नाहीतर कवच चेंबरच्या भिंतीला धरत नाही आणि सगळा धक्का बोल्टवर बसतो.