करंट कमी, की दाब कमी?

सोलापूरच्या पूर्व भागातून एका वाचकाने विचारलंय : 'संध्याकाळी मागाची मोटार घुमायला लागली की आमचा जॉबर (माग सांभाळणारा मिस्त्री) म्हणतो, करंट कमी येतोय. मुलगी नववीत आहे. ती म्हणते, करंट नाही, विभवांतर म्हणा. बरोबर कोण?'

मुलगी बरोबर आहे. आणि हा नुसता शब्दांचा कीस नाही, कारण त्या वेळी मोटारीत करंट कमी नसतोच, बहुधा वाढलेला असतो!

तारेतून सेकंदाला किती विद्युतप्रभार वाहतो ती विद्युतधारा, म्हणजे करंट, अँपिअरमध्ये. तिला ढकलणारा दाब, म्हणजेच मुलीचं विभवांतर, व्होल्टमध्ये. वाटेत आडवा येतो तो रोध, ओहममध्ये. तिघांचं नातं गेऑर्ग ओहमने १८२७ साली मांडलं : दाबाला रोधाने भागलं की धारा मिळते. हजार वॅटची इस्त्री २३० व्होल्टवर साधारण ४.३ अँपिअर घेते, म्हणजे तिचा रोध ५३ ओहमच्या आसपास. दाब १८० वर घसरला की धारा ३.४ वर येते आणि इस्त्री नीट तापत नाही. इथे 'करंट कमी' म्हटलं तर काही बिघडत नाही.

मागाचं तसं नाही. दाब उतरला म्हणून मागाचं ओझं हलकं होत नाही. तेवढंच काम रेटायला मोटार जास्त धारा खेचते. तारेतली उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून मोटारीचं वाइंडिंग (आतलं तारेचं वेटोळं) जळतं ते दाब कमी असताना. त्या वेळी वायरमनला क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून धारा मोजायचं यंत्र) लावून आकडा बघायला सांगा.

मग जॉबर चुकला का? त्याच्या बोलीत करंट म्हणजे अख्खी वीजच. वीज गेली की तेलुगूत 'करेंटु पोयिंदी', कन्नडमध्ये 'करेंट होयतु' म्हणतात, आणि या दोन्ही भाषा सोलापूरच्या गल्लीत रोज कानावर पडतात. आपण मराठीवाले तरी काय, भरदुपारी पंखा बंद पडला तरी 'लाईट गेली'च म्हणतो. बोलण्यात खुशाल चालू द्या. तक्रार अर्जात मात्र 'करंट कमी' लिहू नका.

तिथे 'विभवांतर'ही नको. 'विभव' म्हणजे सामर्थ्य, संपत्ती. 'वैभव' त्यावरूनच आला. शब्द भारदस्त आहे, पण त्यातलं 'अंतर' फार कामाचं : दाब एका बिंदूचा नसतो, दोन बिंदूंमधला असतो. फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (परतीची तार) यांच्यामध्ये २३० व्होल्ट, तर दोन फेजमध्ये चारशेच्या घरात. म्हणून मोटारीला किती व्होल्ट, या प्रश्नाला आधी 'कुठून कुठे?' असं विचारावं लागतं. एवढं परीक्षेत लिहावं; अर्जात 'वीजदाब कमी' पुरे. वीज कंपनीच्या कागदांतही ग्राहक 'लघुदाब' आणि 'उच्चदाब'च असतात.

जाता जाता, 'फ्रीज करंट मारतोय' हे मात्र शंभर टक्के बरोबर. अंगातून जाते ती धाराच. घरात जीव वाचवायला बसवतात त्या गळती-स्विचवरही ३० मिलिअँपिअर असा आकडा असतो, तो धारेचाच.