मोआ एवढा मोठा कसा झाला?

प्रश्न : न्यूझीलंडमधील मोआ या नामशेष पक्ष्याला पंखांचे एक हाडही नव्हते, असे वाचनात आले. बेटावर राहिल्याने पक्षी एवढा मोठा कसा होतो? शहामृग तर बेटावरचा नाही.
– एक वाचक

उत्तर : नुसत्या बेटामुळे पक्षी मोठा होत नाही, त्या बेटावर कोण पोहोचू शकले नाही, हे अधिक महत्त्वाचे ठरते. माणूस येण्यापूर्वी न्यूझीलंडच्या भूमीवर वटवाघळे सोडल्यास सस्तन प्राणी नव्हते. त्यामुळे इतरत्र हरणे आणि बकऱ्या खातात तो झाडपाला मोआच्या वाट्याला आला आणि जमिनीवरून पाठलाग करणारे कोणी नसल्याने उडण्याचे खर्चिक स्नायू पोसण्याचे कारणही उरले नाही. असा जाडाभरडा पाला पचवायला मोठे पोट लागते. दलदलीत रुतून मेलेल्या काही मोआंच्या सांगाड्यांत, पोटाच्या जागी, चोचीने तोडलेल्या काटक्या आणि त्या दळण्यासाठी गिळलेले गुळगुळीत खडे आजही सापडतात.

मात्र नऊही जाती महाकाय नव्हत्या. काही टर्कीएवढ्याच होत्या. सर्वांत मोठ्या जातीच्या मादीची पाठ मात्र सुमारे २ मीटर उंचीवर असे आणि वजन २०० किलोंच्या पुढे जाई. तिचा नर इतका लहान होता, की २००३ मध्ये डीएनए तपासणी प्रसिद्ध होईपर्यंत तो वेगळ्याच जातीचा समजला जाई.

शहामृगाबद्दल आपण नेमके विचारले आहे. तो हिंस्र श्वापदांच्या सोबतीने वाढला, म्हणून त्याने वेग राखला. (एके काळी तो भारतातही होता, जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे त्याच्या अंड्याचे नक्षी कोरलेले कवच मिळाले आहे.) मोआला धोका होता तो आकाशातून, हास्टच्या गरुडाचा. ऑस्ट्रेलियातील लहान गरुडांचा हा आप्त याच बेटांवर १० ते १५ किलो वजनाचा झाला.

मला सर्वांत बोलकी वाटतात ती मोआच्या हाडांतील वाढीची वलये. बहुतेक पक्षी वर्षभरात पूर्ण वाढतात. मोआच्या काही जातींना मात्र त्यासाठी अनेक वर्षे लागत. पिल्लांना जमिनीवरच्या शिकाऱ्यांचे भय नव्हते, तोवर हे संथपण परवडत होते. तेराव्या शतकाच्या अखेरीस पॉलिनेशियन लोक तेथे पोहोचले. त्यांनी पक्षी मारले, अंडीही खाल्ली, आणि मेलेल्यांची जागा घेण्याइतक्या वेगाने पिल्ले वाढली नाहीत. सुमारे दोनशे वर्षांत मोआ संपले आणि त्यांच्यावर जगणारा गरुडही संपला.