श्मिट, श्मिटोवा, श्मिट्स, श्मिटा: आडनाव एक की चार?

तुमचा प्रश्न असा आहे: जर्मन सहकाऱ्याचं आडनाव श्मिट, पण चेक बातमीत श्मिटोवा, लाटव्हियाच्या यादीत श्मिट्स आणि रशियाच्या नकाशावर श्मिटा दिसलं, तर ही वेगवेगळी घराणी का?

नाही, आडनाव एकच. आपण 'गोखले आले' म्हणतो, पण 'गोखल्यांना विचारा'. म्हणून गोखल्या हे नवं आडनाव आहे असं कुणाला वाटत नाही. तिथेही तेच झालंय.

मी पुण्यात जर्मन शिकवते. श्मिट हा शब्द आला की मला फळ्यावर व्याकरण मांडायचा मोह होतोच, कारण या आडनावाच्या पोटातच विभक्ती दडलेली आहे. अर्थ लोहार. मध्ययुगीन जर्मनमध्ये प्रथमेत 'स्मिट', पण षष्ठीत 'स्मिडेस'. स्मि-डेस असं तोडून म्हणून बघा: 'स्मि' उघडा राहतो, म्हणजे स्वरावर संपतो. अशा उघड्या अवयवातला स्वर पुढे दीर्घ झाला आणि तो दीर्घ स्वर प्रथमेतही शिरला. म्हणून आजच्या जर्मनमध्ये लोहाराला 'श्मीट' म्हणतात, आणि अनेकवचनात 'श्मीडे' म्हटलं की मूळचा ड परत ऐकू येतो. आडनाव मात्र जुन्या प्रथमेवरच गोठलं आणि ऱ्हस्व राहिलं. आडनावाच्या शेवटी डी आणि टी ही दोन्ही अक्षरं का, तेही इथेच कळतं: टी उच्चाराचा, डी बाकीच्या रूपांचा. जर्मनीतल्या कोलोन शहराकडे भेटणारं 'श्मिट्स' हे तर मूळचं षष्ठीचं रूप, म्हणजे 'श्मिटचा' मुलगा.

हा जर्मन श्मिट्स आणि तुमच्या यादीतला लाटव्हियन श्मिट्स मात्र वेगळे. लाटव्हियनमध्ये पुरुषाच्या नावाला प्रथमेचा प्रत्यय हवाच, म्हणून चॅन्सेलर हेल्मुट श्मिट तिथे 'हेल्मूट्स श्मिट्स' होतात आणि बाईच्या प्रत्ययाने अँगेला मेर्केल 'मेर्केले'. हा प्रत्यय नसेल तर पुढच्या विभक्ती कशाला जोडायच्या?

रशियनमध्ये गंमत आहे. पुरुषाचं श्मिट विभक्तीप्रमाणे बदलतं, बाईचं अजिबात बदलत नाही. 'श्मिटला पत्र दिलं' एवढं वाक्य वाचूनही श्मिट पुरुष की बाई ते कळतं! तुम्ही नकाशावर पाहिलेलं रशियाच्या ईशान्य टोकाच्या चुकोत्कातलं 'मिस श्मिटा' म्हणजे 'श्मिटचं भूशिर'. ध्रुवीय संशोधक ओटो श्मिट (1891–1956) यांच्या नावाची ही षष्ठी, स्त्रीलिंग नव्हे.

हंगेरीत आडनाव आधी येतं, आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखं. 2010 ते 2012 या काळातले तिथले राष्ट्राध्यक्ष घरच्या भाषेत 'श्मिट पाल'.

चेकमधला '-ओवा' मूळचा स्वामित्वदर्शक, म्हणजे 'श्मिटची'. त्याची विशेषणासारखी रूपं होतात, म्हणून चेक वाक्यात तो सोयीचा. चेक वर्तमानपत्रं म्हणूनच 'मेर्केलोवा' छापतात. हे फक्त स्लाव्ह लोकांचं खूळ आहे असं समजू नका. अठराव्या शतकात जर्मन माणसंही बायकांच्या आडनावाला '-इन' लावत. नाटक कंपनी चालवणाऱ्या कारोलिने नॉयबर यांना आजही 'नॉयबरिन' म्हणतात, अगदी आपल्या जोशीणबाईंसारखं. पुढे जर्मनांनी ते सोडून दिलं.

चेक सहकारी बाईंना मेल लिहायची असेल तर स्वतःहून '-ओवा' जोडू नका. 1 जानेवारी 2022 पासून तिथे कुठल्याही स्त्रीला प्रत्यय नसलेलं आडनाव घेता येतं. त्यांची सही बघा आणि तेच रूप लिहा.