कोकणात बियांपासून आयरिस: तुमच्या प्रश्नांची उत्तरं

ऑनलाइन मागवलेल्या बिअर्डेड आयरिसच्या (पाकळीवर दाढीसारखी लव असलेलं, कंदाचं शोभेचं फुलझाड) बिया पहिल्या पावसाबरोबर कुंडीत टाकल्या, गणपती आले तरी एकही रुजली नाही. बिया खराब होत्या का? (गुहागर)

ताई, बियांना लगेच दोष देऊ नका. आयरिसच्या बीमध्ये रुजणं रोखून धरणारी द्रव्यं असतात, थंड मुलखात ओला हिवाळा अंगावरून गेला की मगच ती निघून जातात, आपल्याकडे जूनमध्ये ओल पाहिजे तेवढी पण थंडी कुठाय? ती फ्रिजमध्ये द्यायची. बिया दोन-तीन दिवस पाण्यात ठेवा, पाणी रोज बदला, मग घट्ट पिळलेल्या ओलसर कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळून झिपच्या पिशवीत घाला आणि भाजीच्या कप्प्यात 4-5 अंशांवर दोन-तीन महिने राहू द्या, फ्रीझरमध्ये मात्र नको. अधूनमधून पिशवी उघडून बघा, बुरशी दिसली तर बिया धुवून कोकोपीट बदला, पांढरा कोंब दिसला तर ती बी लगेच मातीत.

पण खरं सांगायचं तर एवढं करून रोपं आली तरी गुहागरात बिअर्डेड फुलणं फार कठीण, कारण फुलायला मोठ्या झाडालाही थंडी लागते, आणि तिचा जाड कंद अर्धा मातीवर उघडा असतो, तो आपल्या चार महिन्यांच्या पावसात कुजतो. त्या बियांवर अजून पैसे घालू नका असंच मी म्हणेन.

मग आमच्याकडे होईल अशी आयरिस आहे का? (मालवण)

आहे, आणि माझी फार आवडती आहे! ब्लॅकबेरी लिली. तिचं शास्त्रीय नाव आधी बेलमकांडा होतं, 2005 पासून ती आयरिस डोमेस्टिका झाली, म्हणजे नावाला लिली पण आहे आयरिसच. पंख्यासारखी पानं, केशरी फूल, त्यावर लाल ठिपके. फूल एकच दिवस टिकतं, संध्याकाळी पाकळ्या पीळ घालून गुंडाळल्या जातात, पण दांड्यावर रोज नवी कळी तयार असते. नंतर बोंड सुकून तडकतं, सालं मागे वळतात आणि आत चकचकीत काळ्या बियांचा घोसच्या घोस उघडा पडतो. त्याच बिया काढायच्या. ताज्या असतील तर बऱ्याचदा फ्रिजशिवायही रुजतात, जुन्या असतील तर थोडे आठवडे थंडीत ठेवलेल्या बऱ्या.

पेरायच्या पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. लाल माती, रेती आणि चांगलं कुजलेलं शेणखत असं मिश्रण घ्या, बी साधारण एक सेंटिमीटर खोल, कुंडी पागोळीखाली अजिबात नको. सगळ्या बिया एकदम रुजत नाहीत, एक आज तर दुसरी महिन्याने, म्हणून कुंडी रिकामी दिसली तरी माती ओतून टाकू नका, कृपा करून! तीन-चार पानं आली की वेगळी करा. फुलं बहुतेक दुसऱ्या वर्षी. पावसात गोगलगायी कोवळी पानं खातात, रात्री टॉर्च घेऊन वेचणं हाच उत्तम उपाय.

विहिरीजवळ कायम ओल असते, तिथे काय लावू? (देवगड)

लुइझियाना आयरिस. अमेरिकेतल्या दक्षिणेकडच्या दलदलींतली, तिला ओल आणि आम्ल माती दोन्ही आवडतात, त्यामुळे आपली जांभ्याची माती तिला मानवते. बी बुचासारख्या जाड सालीची असते, पाण्यावर तरंगते, तेव्हा तरंगली म्हणजे पोकळ असं समजून टाकू नका. साल अलगद सोलली तर लवकर रुजते. पाणी मात्र गोडं हवं, खारं पाणी चालणार नाही.

केशराच्या बिया ऑनलाइन मिळतायत, आयरिसच्याच कुळातलं आहे ना, रत्नागिरीत लावू का? (रत्नागिरी)

दादा, नका घेऊ! कूळ एकच हे बरोबर, पण केशराच्या झाडाला बीच धरत नाही. त्यात गुणसूत्रांचे तीन संच असल्यामुळे ते वांझ आहे, काश्मिरात पांपोरलाही कंदच लावतात. त्यामुळे केशराचं बी म्हणून जे काही विकतात ते दुसऱ्याच कशाचं तरी असतं.

निळ्या फुलाची बी लावली तर निळंच येईल? (अलिबाग)

संकरित जात असेल तर खात्री नाही, रंग कुठलाही येऊ शकतो. हुबेहूब तोच रंग हवा तर कंद फोडून लावा. हात धुवायला विसरू नका, आयरिसचा चीक काहींच्या कातडीला खाजतो, आणि कंद पोटात गेला तर बाधतो, लहान मुलं आणि गुरं असतील तर कुंपणाच्या आतच लावा.